वांगं नंबर सात

जुनवानीत माणूस नावानं ओळखला जात नाही, खात्यानं ओळखला जातो. तिसऱ्या मजल्यावर कोकओव्हनवाले काका, समोर रेलमिलवाले, पलीकडच्या इमारतीत ब्लास्ट फर्नेसच्या काकू. काकूंनी ब्लास्ट फर्नेस फक्त कंपनीच्या कॅलेंडरवर पाहिलेली असते, पण यजमानांचा जन्म तिथं गेला म्हटल्यावर ती काकूंनाही चिकटते. भिलाई इस्पात संयंत्रातून निवृत्त झालं की सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागतं. मग अंगणातला आंबा, मागचा पेरू आणि गेटावरची बोगनवेल नव्या माणसाच्या हवाली करून मंडळी जुनवानी, स्मृतीनगर, कोहका या अंगाला घर घेतात. फ्लॅटला अंगण नसतं. त्यामुळे सकाळी सातनंतर करायचं काय, हा प्रश्न रोज सात वाजून एक मिनिटानं उभा राहतो.

कुणी योग धरला. कुणी सूर्या मॉलच्या एसीत फुकटच्या फेऱ्या सुरू केल्या. आणि ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरात किंवा त्याहून लांब आहेत, त्यांच्या घरी कुरिअरनं वॉटरकलर पेन्सिलींचा पत्र्याचा डबा आला. मुलांचा हेतू स्वच्छ होता. बाबांनी टीव्हीवरच्या चर्चेला बसल्या जागेवरून उत्तरं देणं थांबवावं, एवढंच.

या पेन्सिलीचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, कारण ती दिसते सज्जन. साध्या रंगीत पेन्सिलीत रंगद्रव्य मेणा-तेलात बांधलेलं असतं, म्हणून पाणी तिच्या रेघेवरून नुसतं घरंगळून जातं. हिच्यात ते पाण्यात विरघळणाऱ्या, डिंकाच्या जातीच्या द्रव्यात बांधलेलं असतं. कोरडी फिरवलीत तर पेन्सिल, वरून ओला ब्रश नेलात तर जलरंग. ऐकायला फार सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात कोरडा रंग आणि ओला रंग यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. कोरडेपणी राखाडीसर, गरीब दिसणारी निळी रेघ पाणी लागताच अशी उसळते, की संध्याकाळचं आभाळ काढायला बसलेल्या माणसाच्या हाती शाळेचा युनिफॉर्म येतो. उलट गेरूचा पिवळा कोरडा असताना भरघोस दिसतो आणि पाणी लावलं की कुठे जातो ते कळत नाही. म्हणून जाणते लोक डबा हाती आल्यावर पहिल्यांदा चित्र काढत नाहीत. एका कागदावर प्रत्येक पेन्सिलीचा चौकोन काढतात, अर्धा कोरडा ठेवतात, अर्ध्यावर पाणी फिरवतात. आमच्याकडे हे काम कुणीही केलं नाही. डब्यासोबतचा सूचनांचा कागद सहा भाषांत होता आणि मराठी त्यात नव्हती, एवढं कारण पुरलं.

जिनिव्हाच्या कारान दाश कंपनीनं 'प्रिस्मालो' नावाची पाण्यात विरघळणारी पेन्सिल १९३१ साली बाजारात आणली. त्याच साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा काढला, त्याचंच पुढे कॅम्लिन झालं. आमच्या पिढीला रंग म्हणजे उंटछाप डबीतल्या गोल वड्या. त्यांत तीव्रता वगैरे भानगड नव्हती. ब्रश ओला करायचा, वडी घासायची, आणि आठवड्याभरात सगळ्या वड्या गुण्यागोविंदानं एकाच तपकिरी रंगाच्या व्हायच्या.

तर या पेन्सिलींचा वर्ग. तो आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर भरतो. शिकवते ती त्या घरची सून, खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात चित्रकला शिकलेली. खैरागढच्या राजघराण्यानं आपला राजवाडा दिला आणि १९५६ साली त्यात हे विद्यापीठ उभं राहिलं. राजवाड्यात शिकलेली ही मुलगी आता टू-बीएचकेच्या हॉलमध्ये, दिवाण भिंतीला लावून, निवृत्त पोलादाला रंग शिकवते. तिला सगळे 'मॅडम' म्हणतात. अडचण अशी की पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई बसतात. घर त्यांचं, दिवाण त्यांचा, आणि फी न देणाऱ्या त्या एकट्याच.

"आई, पाणी कमी," मॅडम म्हणतात.

हॉलमधल्या सगळ्या पेन्सिली थांबतात.

"आई, फार दाबता तुम्ही."

कोकओव्हनवाले काका खिडकीबाहेर पाहू लागतात.

"आणि आई, एकदा ब्रश फिरवून झाला ना, की परत परत त्याच जागी जायचं नाही. झालं ते झालं, सोडून द्यायचं."

"बरं, मॅडम," सासूबाई म्हणतात. त्या 'मॅडम'ची तीव्रता मोजणारं साधन अजून निघालेलं नाही.

रंगाच्या बाबतीत वर्गात दोन पंथ पडले. पहिला काटकसरीचा. परदेशातून आलेली पेन्सिल झिजवायची कशी, हा यांचा मूळ प्रश्न. ते टोक कागदाला टेकवतात न टेकवतात आणि उचलतात. पाणी फिरवल्यावर कागद ओला होतो, बाकी काही होत नाही. या पंथाचा आवडता विषय म्हणजे मैत्रीबागेतला पांढरा वाघ. मैत्रीबाग भिलाईची जुनी शान, तिथले पांढरे वाघ बघायला लांबून माणसं येतात, तेव्हा विषयनिवडीला कुणी नावं ठेवू शकत नाही. पण खरं कारण असं की पांढऱ्या वाघाला पेन्सिल लागतच नाही. चार काळे पट्टे, दोन निळे डोळे, बाकी वाघ कागदानं द्यायचा. एका गृहस्थांनी पट्टेही फिकट ठेवले. तो वाघ फक्त त्यांना दिसतो.

दुसरा पंथ दाबणाऱ्यांचा, आणि त्याचे मूळपुरुष कोकओव्हनवाले काका. रंग गडद हवा ना? मग दाब. दाबानं पेन्सिलीचं टोक तुटतं ते सोडा, खरं नुकसान कागदाचं होतं. कागदाला खाच पडते, त्या खाचेत रंग ठासून बसतो आणि पाणी वरून निघून जातं. रेघा तशाच उभ्या राहतात. आभाळ रंगवलं असेल तर आभाळावर कोंबड्याची पावलं उमटलेली दिसतात. मॅडमनी सांगितलं, ओलं आहे तोवर टिश्यूनं टिपून घ्या, थोडा रंग उचलला जाईल.

"आमच्याकडे एकदा चार्ज केलेला कोळसा परत काढत नसत," काका म्हणाले.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. गडदपणा दाबातून येत नाही, थरांतून येतो. हलका हात फिरवा, ओला करा, आणि वाळू द्या. खरोखर वाळू द्या, बोट लावून पाहू नका. मग त्यावर दुसरा थर, लागला तर तिसरा. फारच गर्द बारीक रेघ हवी असेल, वाघाची मिशी किंवा मांजराच्या डोळ्यातली बाहुली, तर पेन्सिलीचं टोकच पाण्यात बुडवून काढा. आणि अगदी हलका रंग हवा असेल तर कागदावर पेन्सिल नेऊच नका, ओल्या ब्रशानं टोकावरून रंग उचला, आधी दुसऱ्या कागदावर लावून बघा, मग चित्रावर या. हे शेवटचं तंत्र काटकसरी पंथाला इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या.

खरी मेख पाण्यात आहे. ब्रश पाण्यातून काढून थेट कागदावर नेला की तलाव होतो, रंग तरंगत कडेला जातो आणि वाळल्यावर तिथं गडद काठ धरतो. ब्रश भांड्याच्या काठावर निथळवायचा, जुन्या पंचावर टेकवायचा आणि मग न्यायचा. तोही फिकट बाजूकडून गडद बाजूकडे, नाहीतर गडद रंग फिकटात ओढला जातो आणि उजेडाची जागा बुडते. बाजारात पोटात पाणी असलेला ब्रशही मिळतो, दांडा दाबला की टोकाशी पाणी येतं. दाबणाऱ्या पंथाच्या हाती तो देऊ नये. शेजारच्याचं चित्र भिजतं.

पाण्याचं हे प्रमाण भिलाईतल्या मराठी माणसाला तसं ओळखीचं असायला हवं, कारण त्याची भाषा याच तत्त्वावर चालते. आईशी फोनवर बोलताना कोरडी, ठसठशीत नागपुरी. लिफ्टमध्ये शिरताच हिंदीचा एक हात फिरतो. खाली भाजीवालीपाशी छत्तीसगढी. आणि वर्गात आल्यावर सगळे थर एकदम ओले होतात: "मॅडम, मी तर लाइटच करून राहिलो होतो, पर पानी जादा हो गया ना बाप्पा, आता हे सूखल्यावर कसं दिसन?" मॅडमना सगळं समजतं. त्या रायपूरच्या आहेत.

मग पट्टीचा गृहपाठ आला. एकच पेन्सिल, शेजारी शेजारी चौकोन, डावीकडे सर्वांत गर्द आणि उजवीकडे जाता जाता अगदी धुरकट. रंगावर ताबा आहे की नाही, ते या पट्टीत कळतं. रेलमिलवाल्यांनी पट्टी आणली. सगळे चौकोन एकसारखे. पहिला आणि शेवटचा यांत नखाएवढा फरक नाही. ज्या मिलचे रूळ जोडून २६० मीटर लांबीचे करून रेल्वेला पाठवतात आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे निघावे लागतात, तिथं जन्म काढलेल्या माणसाकडून मॅडम चढउतार मागत होत्या.

"याच्यात फरक कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"फरक दिसला असता तर मीच रिजेक्ट केला असता," रेलमिलवाले म्हणाले. आवाजात अभिमान होता आणि थोडा दुखावलेपणाही.

ब्लास्ट फर्नेसच्या काकूंचे यजमान वर्गात मागे बसत आणि बोलत नसत. ते तोंड उघडतात तेव्हा फक्त ऑप्टिकल पायरोमीटरवर बोलतात, अशी त्यांची ख्याती. एकदा मॅडम म्हणाल्या, रंग किती गर्द आहे हे डोळ्याला नेमकं सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

वितळलेल्या धातूत थर्मामीटर घालता येत नाही, निदान आपल्या घरातला तरी. म्हणून दुर्बिणीसारखं एक यंत्र डोळ्याला लावायचं आणि लांबून भट्टीकडे बघायचं. नजरेच्या मध्यावर बल्बमधली असते तशी बारीक तार दिसते. बटण फिरवलं की तारेतला वीजप्रवाह वाढतो आणि तार उजळत जाते. भट्टीपेक्षा मंद असेल तर ती काळी दिसते, जास्त प्रखर असेल तर चमकते. आणि दोघींचा उजेड बरोबर जुळला की तार दिसेनाशी होते. तिथं बटण थांबवायचं आणि आकडा वाचायचा. म्हणजे डोळ्याला 'किती' सांगता येत नाही हे मॅडमचं खरं, पण 'सारखं आहे का' हे डोळा फार छान सांगतो.

मॅडम खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. खैरागढला एवढी वर्षं घालवून जे हाती लागलं होतं ते फर्नेसवाल्यांनी दोन मिनिटांत, तेही हिंदी-मराठी-रशियन वळणाच्या उच्चारांत सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्गाला ते स्वतःचा पायरोमीटर घेऊन आले. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, त्यावर जांभळ्याची चढत्या गडदपणाची पट्टी, प्रत्येक चौकोनाखाली आकडा आणि मधोमध फायलीच्या पंचनं पाडलेलं भोक. पट्टी डोळ्यासमोर धरायची, भोकातून टेबलावरच्या वांग्याकडे बघायचं. ज्या चौकोनात भोक दिसेनासं होईल, तो वांग्याचा गडदपणा. त्यांनी एक डोळा मिटला, पट्टी सरकवली, थांबले आणि वहीत लिहिलं: वांगं, नंबर ७. देठाजवळ नंबर ४. चकाकीला आकडा नाही, कागद सोडणे.

त्या दिवसापासून वर्गातली सगळी भाजी आकड्यांत बोलली जाते. "माझी मिरची नंबर पाचला अडकलीय, सहावर जातच नाही." "पाणी कमी करा, जाईल." रेलमिलवाल्यांना तर हा साक्षात्कारच झाला. फरक हा दोष नाही, माप आहे, हे आकडे दिसल्यावर त्यांना पटलं. त्यांची पुढची पट्टी इतकी रेखीव उतरली की मॅडमनी ती भिंतीला लावली.

फर्नेसवाल्यांचा स्वतःचा घोटाळा मात्र वेगळाच होता. तापलेलं लोखंड सातशे-आठशे अंशांना लाल दिसतं, हजाराच्या आसपास नारिंगी, त्यापुढे पिवळं, आणि तेराशेच्या वर गेलं की पांढरं. भट्टीपाशी पांढरा म्हणजे सर्वांत जास्त. कागदावर पांढरा म्हणजे काहीच न केलेलं. त्यांनी वितळलेलं लोखंड ओतण्याचं चित्र काढलं, धार जास्तीत जास्त तापलेली दिसावी म्हणून तिथं थरांवर थर चढवले, आणि धार विझली. भोवतालची काळोखी शेड तेवढी त्यांनी फिकट ठेवली होती, कारण तिथं काही घडत नव्हतं.

सासूबाई मैसूर फिरून आल्या होत्या, त्यांनी यावर तोड सांगितली. जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. मूळचे सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर, चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी, माध्यम जलरंग. पुष्कळ लोक ते चित्र रवि वर्म्याच्या नावावर जमा करून मोकळे होतात, ते असो. "त्या दिव्यावर त्यांनी काही केलेलंच नाही असं वाटतं हो," सासूबाई म्हणाल्या, "सगळी मेहनत अंधारावर केलीय." फर्नेसवाल्यांनी दुसऱ्या कागदावर शेड नंबर नऊपर्यंत नेली आणि धारेपाशी पेन्सिल उचलली. धार पेटली. मॅडमनी सासूबाईंकडे पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. श्रेय किती गडद द्यायचं याचा त्यांचा हिशेब चाललेला असावा.

याच तत्त्वावर एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्हरल नावाचे गृहस्थ रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्यांनी रंग तपासला, रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारी विणलेल्या रंगांत होती. १८३९ साली त्यांनी हे सविस्तर छापलं आणि स्वतः १०२ वर्षं जगले. आपल्यात काही वाईट नसून सगळा दोष शेजाऱ्यांचा आहे, हे शास्त्रानं सिद्ध करता आलेल्या माणसाला दीर्घायुष्य लाभणारच. आमच्या वर्गात हा सिद्धांत फार लवकर रुजला. आता कुणाचाही पिवळा मळकट निघाला की तो शेजारच्या जांभळ्याकडे बोट दाखवतो, आणि कधी कधी शेजारी बसलेल्या माणसाकडेही.

पळसाचा आठवडा मात्र गाजला. मार्चमध्ये इकडची रानं पेटल्यासारखी दिसतात, त्यामुळे सगळ्यांनी नारिंगी काढली आणि दोन्ही पंथ पहिल्यांदा एक झाले: काटकसरी लोकांनीही दाबलं. एका काकूंनी फुलांच्या मध्ये नेमकी तीन हिरवी पानं काढली. मॅडम म्हणाल्या, पळस फुलतो तेव्हा त्याला पानं नसतात. "अहो, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच," काकू ठामपणे म्हणाल्या. शिवाय हिरव्यामुळे नारिंगी जास्त उठून दिसतं, हे शेव्हरलसाहेबांच्या हवाल्यानं त्यांनी सिद्धही केलं. मॅडमनी पानं राहू दिली.

डब्यातल्या तांबूस रंगांपाशी सगळ्यांचेच हात थबकतात. 'इंडियन रेड' नावाची एक पेन्सिल असते, गेरूच्या जातीची. असले रंग म्हणजे मुळात लोहाचं ऑक्साइड, आणि दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईत येणारं खनिजही जातीनं तेच. ज्या लाल मातीनं यांचे शर्ट आयुष्यभर खराब केले आणि जिच्यापायी घराघरांत साबणाच्या वड्या झिजल्या, तीच आता लाकडात घालून, वर सोनेरी अक्षरं छापून मुलानं डॉलरमध्ये विकत घेतली. कोकओव्हनवाले काका ती पेन्सिल हातात फिरवून म्हणाले, "हे तर आपल्या यहाँ ट्रकच्या मागे उडून राहिलं असते."

एप्रिल संपत आला की सगळे आकडे कोलमडतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. ब्रश कागदाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेपर्यंत मागची रेघ वाळलेली असते, आणि आभाळात हलकेच विरत जाणारा निळा करायचा म्हटलं तर पायऱ्या तयार होतात. पावसाळ्यात उलट. सकाळी लावलेला थर दुपारी वरण-भात खाऊन आलं तरी ओला, आणि दुसरा थर लावायची घाई केली की पहिला उठून त्याच्यात मिसळतो. म्हणजे हाताचा दाब, थर आणि पाणी यांच्यावर ताबा मिळवला तरी कूलर उरतोच.

आमच्या वर्गातला कूलर मोठा, खसाच्या ताट्यांचा. त्यावर खडाजंगी सुरू झाली. रेलमिलवाल्यांचं मत, वाऱ्यानं रंग लवकर वाळतो, कूलर बंद करा. कोकओव्हनवाल्यांचं मत, कूलरची हवा ओलसर असते, तिनं रंग उशिरा वाळतो, तेव्हा हायवर टाका. फर्नेसवाल्यांनी एकाच निळ्याच्या दोन पट्ट्या काढल्या, एक कूलरसमोर ठेवली, एक दिवाणाखाली, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. मॅडमनी मधला मार्ग काढला: कूलर चालू ठेवायचा, पण तोंड भिंतीकडे करायचं.

सासूबाई पेन्सिल खाली ठेवून उठल्या. त्यांनी कूलर सरळ स्वतःकडे वळवला, मागची झडप उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "पाणी कमी आहे, मॅडम. दोन बादल्या आणा."